मे महिन्यात ओव्हरक्लॉकिंग: प्रोसेसरला हवेचा कूलर की लिक्विड?

आपल्याकडे 'कूलर घ्यायचा आहे' म्हटलं की समोरचा विचारतो, टाकी किती लिटरची आणि ताटी खसची की गवताची? म्हणून आधीच ठरवून घेऊ. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. खिडकीत बसतो तो 'खोलीचा कूलर' आणि प्रोसेसरवर बसतो तो नुसता 'कूलर'. दोघांचं नातं मात्र जवळचं आहे. खोलीच्या कूलरचा विचार न करता प्रोसेसरचा कूलर घेतला, की आठ-दहा हजार घालूनही एप्रिलमध्ये मशीन रडायला लागतं.

इंटरनेटवरचे बहुतेक तुलनेचे तक्ते २१ ते २५ अंशांच्या एसी खोलीत मोजलेले असतात. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश असतात आणि स्लॅब रात्री दहापर्यंत निवत नाही. त्यात हाच लग्नसराईचा हंगाम. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत मशीन दिवसभर व्हिडिओ रेंडर करत (अंतिम फाइल तयार करत) असतं ते नेमकं याच दिवसांत. हा लेख अशा खोल्यांसाठी आहे.

१. आधी खोली मोजा, प्रोसेसर नंतर

पन्नास-शंभर रुपयांचं साधं भिंतीचं थर्मामीटर आणा. ते उन्हाने तापलेल्या भिंतीवर लावू नका. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपासून हातभर अंतरावर, पंखा हवा ओढतो त्या उंचीवर टांगा. मोबाइलवर दिसतं ते गावाचं तापमान. टिनाखालच्या किंवा स्लॅबच्या खोलीचं त्याहून वेगळं असतं, आणि संध्याकाळी तर बाहेरपेक्षा जास्तच.

आता मुख्य हिशोब. हवेचा असो की लिक्विड (आत पाणी फिरवणारा), कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक वॅटला तो खोलीच्या तापमानावर एक ठरावीक 'फरक' धरून ठेवतो, एवढंच. समजा जानेवारीच्या रात्री खोली २० अंश आणि रेंडर करताना प्रोसेसर ७६. फरक ५६. तेच मशीन, तोच कूलर, तेवढेच वॅट. मे महिन्यात रात्री आठला खोली ४० अंश. ४० अधिक ५६ म्हणजे ९६. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५, रायझन ७ ५८००एक्सची ९०. म्हणजे हिवाळ्यात शहाण्यासारखं चालणारं सेटिंग उन्हाळ्यात मर्यादेला टेकतं, प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि ओव्हरक्लॉक कागदावरच राहतो.

खोलीचा कूलर लावून तीच खोली ३१ वर आली, तर प्रोसेसर ८७ वर येतो. नऊ अंश सुटले, कॅबिनेटला हातही न लावता. चांगल्या दोन टॉवरच्या (धातूच्या पात्यांचे दोन उभे गठ्ठे असलेल्या) हवेच्या कूलरवरून ३६० मिमी रेडिएटरच्या लिक्विडवर गेलात तरी साधारण एवढाच फायदा पदरात पडतो, आणि तोही वॅट जास्त असतील तरच. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी खोलीवर घाला.

२. प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो का, आणि किती वॅट खातो

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के', 'केएफ' किंवा 'केएस' असलेलेच प्रोसेसर, आणि तेही झेड मालिकेच्या मदरबोर्डवर (झेड६९०, झेड७९०). बी६६० किंवा बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरच्या कोअरचा गुणक (वेग ठरवणारा आकडा) नाही. एएमडीचे बहुतेक रायझन खुले असतात, पण ए३२०, ए५२०, ए६२० बोर्डवर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग होत नाही. बी किंवा एक्स मालिका लागते. रायझन ७ ५८००एक्स३डी कोणत्याही बोर्डवर कुलूपबंदच आहे. हे न बघता आधी ३६० चा लिक्विड घेणारे कमी नाहीत.

डब्यावरच्या टीडीपीच्या (कंपनीने सांगितलेल्या वॅटच्या) आकड्यावर भरवसा ठेवू नका. रायझनचा '१०५ वॅट' म्हणजे सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या जागी) १४२ वॅटपर्यंत, '१७० वॅट' म्हणजे २३०. आय५ १२६००के १५० पर्यंत जातो, १३६००के १८१, १४९००के २५३. आणि हे सगळे कंपनीच्या सेटिंगचे आकडे आहेत, ओव्हरक्लॉकच्या आधीचे.

पुढे काय होतं ते बघा. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १.२० व्होल्टवर ४.६ गिगाहर्ट्झला १५० वॅट घेणारा प्रोसेसर १.३५ व्होल्टवर ५.० गिगाहर्ट्झला नेला, तर गणित २०६ वॅटच्या आसपास जातं. वेग नऊ टक्के वाढला, उष्णता सदतीस टक्के. कूलर निवडताना हा दुसरा आकडा धरायचा.

नेमके वॅट बघायला एचडब्ल्यूइन्फो६४ हा प्रोग्राम उतरवून घ्या, सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण लोड देऊन गुण देणारा चाचणी प्रोग्राम) दहा मिनिटं चालवा आणि 'सीपीयू पॅकेज पॉवर'ची ओळ वाचा. तो आकडा, खोलीचं तापमान आणि प्रोसेसरचं तापमान हे तिन्ही वहीत लिहून ठेवा. पुढची सगळी तुलना या तीन आकड्यांवरच करायची आहे.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे वरचे प्रोसेसर असतील तर एक गोष्ट सोडू नका. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला नियंत्रणाचा प्रोग्राम) सुधारला. त्याची ०एक्स१२९ ही आवृत्ती ऑगस्टमध्ये आली, ०एक्स१२बी सप्टेंबरमध्ये. बोर्डचं बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डवरचा मूळ प्रोग्राम) त्यानंतरचं नसेल तर आधी अपडेट, मग बाकी सगळं. अपडेट चालू असताना लाइन गेली तर बोर्ड बसतो, म्हणून ते काम यूपीएसवर आणि चार्ज भरलेला असतानाच करा.

३. फरक नेमका कशात आहे

मोटरसायकलच्या इंजिनला धातूच्या पात्या असतात आणि वारा लागून ते निवतं. तो हवेचा कूलर. ट्रॅक्टरला पंप, रबरी नळ्या आणि पुढे रेडिएटर असतो, तो लिक्विड. प्रोसेसरच्या सीलबंद लिक्विड कूलरला 'एआयओ' म्हणतात. शेवटी दोन्हीकडे उष्णता हवेतच सोडायची असते, फक्त कुठे सोडायची एवढाच फरक. खोलीचा कूलर पाणी उडवून, बाष्प करून हवेपेक्षाही थंड होतो. एआयओत पाणी बंद असतं, उडत नाही. त्यामुळे 'पाण्याचा आहे म्हणजे गार असणार' हा समज सोडा. या कारणाने त्यावर दवही धरत नाही, ती भीती नको.

लिक्विडचे खरे फायदे दोन. रेडिएटर मोठा असतो, म्हणून २०० वॅटच्या वर तो हवेच्या कूलरला मागे टाकतो. आणि पाणी तापायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन मिनिटांच्या कामात पंखे ओरडत नाहीत. पण तासभराच्या रेंडरमध्ये पाणी एकदा तापलं की ही दुसरी सोय संपते.

आपल्या भागासाठी एक वेगळी अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एआयओतल्या द्रवाचं तापमान ६० अंशांच्या आत राहावं अशी बहुतेक मॉडेलची अट असते. एसी खोलीत द्रव ३५-४० वर असतो, अंतर भरपूर. पण खोली ४३, कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाची ऊब, वर लोडमुळे दहा-पंधरा अंश. द्रव ५८ वर सहज पोचतो. गरम द्रव नळीच्या रबरातून हळूहळू जास्त झिरपतो, पंपाच्या बेअरिंगवर ताण येतो. एआयओचं आयुष्य साधारण पाच-सहा वर्षांचं धरलं जातं. तापलेल्या खोलीत ते कमीच भरणार.

हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा भाग एकच, पंखा. तो १२० किंवा १४० मिमीचा, कुठेही मिळतो. धातूच्या पात्या आणि हीट पाइप (उष्णता वर नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या) वर्षानुवर्षं तसेच राहतात. एआयओचा पंप गेला तर सगळा संच काढून कुरिअरने पाठवावा लागतो. पंप थांबल्यावर प्रोसेसर काही सेकंदांत मर्यादेला जातो, वेग टाकतो किंवा मशीन बंद होतं. जळत सहसा नाही, पण काम थांबतं.

आणखी एक बाजू व्हीआरएमची. प्रोसेसरला वीज पुरवणारे बोर्डवरचे भाग सॉकेटच्या शेजारीच असतात आणि ओव्हरक्लॉकमध्ये तेही तापतात. टॉवर कूलरचा वारा त्यांच्यावरून जातो. एआयओ लावला की तिथला वारा बंद होतो. स्वस्त बी मालिकेच्या बोर्डवर लिक्विड लावून प्रोसेसर ७५ वर आणि व्हीआरएम ११० वर असा प्रकार होतो, आणि मग 'तापमान चांगलं असून वेग का पडतो' हे कोडं सुटत नाही.

४. मग घ्यायचा कोणता

ओव्हरक्लॉकनंतरचे, म्हणजे वहीतल्या आकड्यावरून वर दाखवलेल्या गणिताने काढलेले, वॅट धरा.

१०० वॅटपर्यंत: चार हीट पाइपचा, एका टॉवरचा १२० मिमीचा हवेचा कूलर. डीपकूल एके४०० सारखा. याच्यावर खर्च करू नका.

१०० ते १८०: दोन टॉवरचा हवेचा. थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२०, डीपकूल एके६२०, किंवा बजेट असेल तर नॉक्टुआ एनएच-डी१५. २४० मिमीचा एआयओ याच पंक्तीत बसतो, थोडा मागे-पुढे. पण पंप, नळ्या आणि वॉरंटीची धावपळ अंगावर घेऊन बरोबरीच मिळणार असेल तर गावात हवेचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

१८० ते २३०: उन्हाळ्यात खोलीचा कूलर किंवा एसी असेल आणि नागपूर-अमरावतीला जाणं-येणं असेल तर ३६० मिमीचा एआयओ. नसेल तर दोन टॉवरचा हवेचा ठेवून वॅटच कमी करा (नवव्या पायरीत सांगितलंय).

२३० च्या वर: मे महिन्यात बिनएसी खोलीत कोणत्याही कूलरने करू नका.

१२० मिमीचा एआयओ कधीच नको. दिसायला लिक्विड, काम एका टॉवरएवढं, किंमत जास्त. आणि स्वतः नळ्या जोडून करायचा 'कस्टम लूप' गावात अजिबात नको. त्यात आरओचं किंवा गाडीच्या बॅटरीचं पाणी टाकून चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की गंज धरतो आणि ब्लॉकच्या बारीक फटी बुजतात.

५. टेप घेऊन कॅबिनेट मोजा

ऑनलाइन मागवलेला कूलर बसत नाही, याचं पहिलं कारण उंची. एके४०० आणि पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिमी, एके६२० १६० मिमी, एनएच-डी१५ १६५ मिमी. कॅबिनेटच्या माहितीपत्रात 'सीपीयू कूलरची उंची' दिलेली असते. माहितीपत्र नसेल तर बाजूचं झाकण काढा, प्रोसेसरच्या वरच्या पृष्ठभागापासून झाकणाच्या कडेपर्यंत पट्टी धरा आणि पाच मिमी सोडा.

रॅमला मोठी चमकती टोपी असेल तर दोन टॉवरचा पुढचा पंखा तिच्यावर येतो. पंखा वर सरकवता येतो, पण तेवढी उंची वाढते आणि मग झाकण लागत नाही.

एआयओसाठी जाडी मोजा. नेहमीचा रेडिएटर २७ मिमी, पंखा २५, एकूण ५२. आर्क्टिक लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटरच ३८ मिमी आहे, म्हणजे ६३. वर बसवणार असाल तर बोर्डच्या वरच्या कडेपर्यंत तेवढी जागा हवी. पुढे बसवणार असाल तर ग्राफिक्स कार्डाच्या जागेतून तेवढं वजा होतं.

सॉकेटही बघा. इंटेलच्या एलजीए१७०० ची भोकं ७८ मिमीवर आहेत, आधीच्या एलजीए१२०० ची ७५ वर. जुन्या साठ्यातला कूलर घेताना डब्यात १७०० चं किट आहे का, हे दुकानातच उघडून बघा. एएमडीच्या एएम४ चे बहुतेक कूलर एएम५ वर बसतात, मात्र मागची पट्टी बदलावी लागणारे कूलर बसत नाहीत, कारण एएम५ ची पट्टी बोर्डलाच पक्की असते.

समोर काचेचं तावदान असलेलं कॅबिनेट आपल्या उन्हाळ्यात टाळाच. पुढे जाळी, दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. एवढं नसेल तर महागडा कूलरही कॅबिनेटमधलीच तापलेली हवा फिरवत बसतो.

६. खरेदी, आणि जपून ठेवायचे कागद

• पक्कं बिल, त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मिळत नाही.
• डब्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो. थर्मल प्रिंटरचं बिल वर्षात पांढरं होतं, म्हणून बिलाचाही फोटो.
• पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ, सहाही बाजू दाखवून.
• रिकामा डबा आणि आतले फोमचे साचे. एआयओ परत पाठवताना हेच लागतात.
• सर्व्हिस सेंटर कोणत्या शहरात आहे, ते खरेदीच्या आधी विचारा. नागपुरात नुसतं घेऊन पुढे पाठवणारं केंद्र असेल तर पंधरा दिवस ते महिनाभर धरून चला.

ओव्हरक्लॉकिंगने झालेलं प्रोसेसरचं नुकसान साधारणपणे वॉरंटीत बसत नाही, हेही माहीत असू द्या.

हत्यारं फार नाहीत: लांब दांड्याचा चौफुली स्क्रू ड्रायव्हर, टेप, थर्मल पेस्ट (डब्यातली नसली तर आर्क्टिक एमएक्स-४ किंवा तत्सम), आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि चष्मा पुसायचं फडकं. अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे 'आयपीए' म्हणून मिळतं. कापसाचा बोळा वापरू नका, त्याचे तंतू चिकटतात.

नागपूरहून जुळवलेलं मशीन एसटीने किंवा मोटरसायकलवर आणायचं असेल तर टॉवर कूलर काढून वेगळा आणा. एनएच-डी१५ पंख्यांसकट १३०० ग्रॅमच्या वर जातो. उभ्या कॅबिनेटमध्ये हे वजन बोर्डला लोंबकळतं, आणि आपल्या रस्त्यावरचा एक खड्डा सॉकेट वाकवायला पुरतो. काढता येत नसेल तर कॅबिनेट आडवं ठेवा, म्हणजे कूलर बोर्डवर उभा राहील.

७. बसवताना

एएम४ वर जुना कूलर काढायचा असेल तर आधी मशीन दहा मिनिटं लोडवर चालवून पेस्ट गरम करा. मग बंद करून, प्लग काढून, कूलर हलके डावी-उजवीकडे पिळा आणि नंतर उचला. थंड असताना सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

जुनी पेस्ट पुसून पृष्ठभाग आरशासारखा करा. नवी पेस्ट मध्ये तुरीच्या दाण्याएवढी. एलजीए१७०० लांबट आहे, तिथे चार कोपऱ्यांकडे ज्वारीच्या दाण्याहून लहान ठिपके आणखी द्या. बोटाने पसरवू नका, दाबानेच पसरते.

कूलरच्या तळाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढला का? हसू नका. नवीन मशीन पहिल्याच मिनिटाला ९५ वर गेलं की सगळ्यात आधी हेच तपासायचं असतं.

स्क्रू आमनेसामने, दोन-दोन फेऱ्यांनी आवळा. एक पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर कूलर तिरका बसतो आणि काही कोअर इतरांपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त दाखवतात.

टॉवरच्या पंख्याचा वारा पुढून मागे जायला हवा. पंख्याच्या चौकटीचे आडवे दांडे दिसतात ती बाजू म्हणजे वारा बाहेर फेकणारी.

एआयओत थोडी हवा असतेच आणि ती सगळ्यात उंच जागी जमा होते. ती जागा पंप नसावी. रेडिएटर छताला लावला तर प्रश्नच नाही. पुढे लावला तर नळ्या खालच्या बाजूला ठेवा आणि रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहू द्या. रेडिएटर तळाला आणि पंप वर असं बसवलं की पंपात हवा शिरते, खळखळ आवाज येतो आणि काही महिन्यांत पंप मरतो. पंपाची तार 'एआयओ पंप' लिहिलेल्या जागी जोडा आणि बायोसमध्ये तो वेग १०० टक्क्यांवर कायम ठेवा. पंख्यासारखा वर-खाली होऊ देऊ नका. 'सीपीयू फॅन'ची जागा रिकामी राहिली तर बोर्ड सुरू होतानाच चूक दाखवून थांबतो. तिथे रेडिएटरचा पंखा जोडा.

लिक्विड मेटल पेस्टच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये. ती वीज वाहून नेते, आणि तिच्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं.

८. चाचणी घाईत करू नका

आधी ओव्हरक्लॉक न करता सिनेबेंच चालवा. हवेच्या कूलरला दहा मिनिटं पुरतात. एआयओला किमान अर्धा तास द्या. पाच मिनिटांच्या चाचणीत तो नेहमीच छान दिसतो, कारण पाणी अजून तापलेलंच नसतं. 'लिक्विडने वीस अंश कमी झाले' असं सांगणारे बहुतेक इथेच फसतात.

मग वेग एकेका पायरीने, १०० मेगाहर्ट्झने वाढवा. दर पायरीला वहीत चार आकडे: खोली, प्रोसेसर, वॅट, सिनेबेंचचे गुण. वेग वाढला पण गुण वाढले नाहीत तर मशीन उष्णतेने किंवा वीजमर्यादेने अडतंय. पुढे जाऊ नका. शेवटी ओसीसीटी (स्थिरता तपासणारा प्रोग्राम) एक तास. ही शेवटची चाचणी दुपारी तीनला करा, रात्री नाही.

रायझन ७००० मालिकेचे एक्सवाले प्रोसेसर पूर्ण लोडवर मुद्दाम ९५ पर्यंत जातात. ते तसेच बनवलेत. तिथे तापमान बघून घाबरू नका, टिकलेला वेग बघा.

९. बायोसमध्ये दोन प्रोफाइल: उन्हाळी आणि हिवाळी

शेतकरी खरिपाला एक पीक घेतो आणि रब्बीला दुसरं, इथेही तसंच. बोर्डच्या बायोसमध्ये सेटिंग साठवायच्या आठ-दहा जागा असतात. एकीला 'हिवाळी' नाव द्या: पूर्ण ओव्हरक्लॉक, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दुसरी 'उन्हाळी': होळीनंतर लावायची.

उन्हाळी प्रोफाइलमध्ये रायझनवर पीबीओ (स्वतःहून वेग वाढवण्याची सोय) सुरू ठेवून कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज उतरवणारं सेटिंग) ऋण १० पासून सुरू करा. स्थिर असेल तर ऋण १५, ऋण २०. व्होल्टेज उतरतं आणि उष्णता वर्गाच्या हिशोबाने उतरते. सोबत तापमानाची मर्यादा ८५ ठेवा. इंटेलवर पीएल१ आणि पीएल२ (जास्त वेळेसाठीची आणि थोड्या वेळेसाठीची वॅटची मर्यादा) दोन्ही तुमच्या कूलरला झेपतील तेवढ्या वॅटवर बांधा. २५३ चा प्रोसेसर १८० वर बांधला तरी रेंडरचा वेळ थोडासाच वाढतो, कारण शेवटचे सत्तर वॅट फार थोड्या वेगासाठी जळत असतात.

कर्व्हची चाचणी लोडपेक्षा रिकाम्या मशीनवर जास्त फसते. नुसतं ब्राउझर उघडं असताना मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, तर आकडा पाचने शून्याकडे आणा, म्हणजे ऋण २० चा ऋण १५.

पावसाळ्यात खोलीच्या कूलरचा काही उपयोग नसतो, हवाच दमट असते. जूनच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत उकाडा असतो, त्या काळातही उन्हाळी प्रोफाइलच ठेवा.

१०. धूळ, कापूस आणि लाइन

मळणीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत भुसा बसतो आणि इंजिन तापतं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. एआयओच्या रेडिएटरच्या पात्या टॉवरच्या पात्यांपेक्षा बऱ्याच दाट असतात, त्यामुळे तो लवकर बुजतो. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी, मग कापूस वेचणी. घरात कापसाचा ढीग असेल किंवा जिनिंग जवळ असेल तर त्याचे तंतू पंखा आणि रेडिएटरच्या मध्ये नमद्यासारखे बसतात. बाहेरून काही दिसत नाही. पंखा सोडून बघावं लागतं. वहीतला 'फरक' त्याच वॅटला पाच अंशांनी वाढला, की साफसफाईची वेळ झाली. एरवी ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर महिन्याला, बाकी दिवसांत दोन-तीन महिन्यांनी.

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर चालतो, पण तीन अटींवर: आधी टाकीतलं पाणी काढून टाकायला सांगा, नळी हातभर लांब धरा, आणि पंख्याची पाती बोटाने अडवून ठेवा. मोकळा सोडलेला पंखा हवेच्या झोताने भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. पाण्याने धुणं, ओल्या फडक्याने पुसणं नको.

झाकण उघडून खोलीच्या कूलरचा झोत थेट मशीनवर सोडायची सवय गावोगावी आहे. ती मोडा. बोअरच्या जड पाण्याचे बारीक थेंब झोतासोबत येतात, वाळतात आणि बोर्डवर पांढरा क्षार सोडतात. ओल आली की तो क्षार वीज वाहतो. खोलीचा कूलर समोरच्या भिंतीकडे वळवा आणि दुसरी खिडकी फटभर उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते. मशीन जमिनीवर न ठेवता फूटभर उंच स्टुलावर ठेवा. मागच्या मोकळ्या पट्ट्यांच्या जागा झाका, पाली आणि मुंगळे तिथूनच शिरतात.

लाइनचं: ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही लोडवर असताना तो लाइन जाताच बसतो. एक हजार व्हीएच्या पुढे बघा, शक्यतो साइन वेव्ह. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारे डबे) झटक्यात बंद पडतात. रब्बीत वावरातल्या मोटरी सुरू झाल्या की संध्याकाळी व्होल्टेज पडतं, म्हणून १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलाच एसएमपीएस घ्या. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग मरतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वायरमनकडून कोळसा-मिठाचा खड्डा तपासून घ्या आणि त्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका.

प्रोसेसरसोबत डब्यात आलेला कूलर असेल तर तो विकू नका. कपाटात ठेवा, सोबत त्याचे स्क्रू आणि पेस्टची छोटी ट्यूब. एआयओ वॉरंटीला गेला किंवा पंखा अडकला, तर हाच कूलर लावून, ओव्हरक्लॉक काढून, मशीन त्याच दिवशी पुन्हा कामाला लागतं. 'के' मालिकेच्या इंटेल प्रोसेसरसोबत कूलर येत नाही. ते वापरणाऱ्यांनी एका टॉवरचा स्वस्तातला एक आणून ठेवावा.